कुत्र्यांविना बर्फावर : कॅनडाच्या उत्तरेतील हिमवाहनांची साठ वर्षे

कॅनडाच्या उत्तरेला, जिथे झाडे उगवण्याची सीमा संपते त्यापलीकडच्या प्रदेशात राहणाऱ्या इनुइट लोकांची प्रवासाची रीत साधारण १९६० ते १९७५ या काळात मुळापासून बदलली. शेकडो वर्षे कुत्र्यांनी ओढलेल्या घसरगाडीवर फिरणारा हा समाज एका पिढीच्या आत स्नोमोबाइलवर, म्हणजे पुढे स्की, मागे फिरता रबरी पट्टा आणि मोटारसायकलसारखे हँडल असलेल्या पेट्रोलच्या हिमवाहनावर आला. या स्थित्यंतराचा इतिहास बहुधा यंत्राच्या विजयाची कथा म्हणून लिहिला गेला, नाही तर परंपरेच्या ऱ्हासाची. दोन्ही मांडण्यांत एक प्रश्न मागे राहतो, तो असा की प्रवाशाचा जीव सांभाळण्याचे काम पूर्वी कोण करत होते आणि नंतर ते कोणाकडे गेले. कुत्री गेली तेव्हा ओढण्याची ताकद गेली, तशीच पातळ बर्फ ओळखणारी आणि वादळात घरची वाट धरणारी सजीव जाणही गेली. त्यानंतर कायदे, उपग्रह, संवेदक आणि बचावपथके यांच्या रूपाने जे उभे राहिले, त्याचा मोठा भाग ही उणीव भरून काढण्याच्या धडपडीतून आला आहे.

या प्रदेशात गोठलेला समुद्र हाच वर्षातील सात-आठ महिने रस्ता असतो. आजही नुनावुत या सुमारे वीस लाख चौरस किलोमीटरच्या प्रदेशातील पंचवीस वस्त्यांपैकी एकही दुसरीशी किंवा दक्षिणेकडील कॅनडाशी रस्त्याने जोडलेली नाही. समुद्रावरचा बर्फ मात्र सर्वत्र सारखा नसतो. अरुंद सामुद्रधुनीत प्रवाहाने तो खालून झिजतो, भरती-ओहोटीने किनाऱ्यालगत त्याला भेगा पडतात, आणि वर ताज्या हिमाचा थर असला की तोच हिम उबदार पांघरुणासारखा काम करून बर्फाची वाढ रोखतो, शिवाय खालचा पातळपणा डोळ्यांपासून लपवतो. अशा पृष्ठभागावर चालणाऱ्या घसरगाडीला इनुइट लोक ‘कामुतिक’ म्हणतात. तिच्या आडव्या फळ्या लांब धावपट्ट्यांना खिळ्यांनी न ठोकता दोरीने बांधलेल्या असतात, त्यामुळे खडबडीत बर्फावरून जाताना गाडी तुटण्याऐवजी थोडी वाकते आणि पुन्हा सरळ होते. पूर्वेकडील प्रदेशात कुत्र्यांना एकामागे एक न जुंपता प्रत्येकाला वेगळ्या दोरीने पंख्याच्या आकारात जुंपत, म्हणजे भार पसरत असे आणि एखादा कुत्रा भेगेत पडला तरी बाकीचे त्याच्यामागून खेचले जात नसत. अनुभवी म्होरक्या कुत्रा शंकास्पद बर्फावर थबकत असे, सीलचे श्वास घेण्याचे भोक वासावरून शोधत असे, आणि हिमवादळात काहीच दिसेनासे झाले की शिकारी त्याच्यावर विसंबून वस्तीकडे परतत असे. याची किंमत मोठी होती, कारण कुत्र्यांच्या एका ताफ्याला वर्षभर सील आणि वालरसचे भरपूर मांस लागे, आणि शिकाऱ्याच्या श्रमाचा मोठा वाटा ते मिळवण्यात जाई.

या साधनाची जागा घेणारे यंत्र मुळात इनुइट लोकांसाठी तयार झालेले नव्हते. क्वेबेक प्रांतातील वालकूर या गावी १९०७ साली जन्मलेल्या जोसेफ-आर्मां बोंबार्डिए या मेकॅनिकने वयाच्या पंधराव्या वर्षी मोटारीचे इंजिन आणि लाकडी पंखा लावून बर्फावर धावणारी पहिली गाडी बनवली होती. १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा पोटातील संसर्गाने आजारी पडला, रस्ते बर्फाने बंद असल्यामुळे त्याला रुग्णालयात नेता आले नाही आणि तो दगावला; तेव्हापासून बर्फावर भरवशाने चालणारे वाहन हा बोंबार्डिएच्या कामाचा केंद्रबिंदू झाला. त्याने दात्यांचे चाक आणि रबरी पट्टा यांची जोडणी साधून १९३७ मध्ये तिचे पेटंट मिळवले आणि सात व बारा माणसे बसतील अशी बंद हिमवाहने बाजारात आणली, जी डॉक्टर, पोस्टखाते आणि शाळांना उपयोगी पडली. परंतु १९४८ नंतर क्वेबेकमध्ये ग्रामीण रस्त्यांवरचा बर्फ सरकारी व्यवस्थेने हटवला जाऊ लागला आणि या मोठ्या गाड्यांची मागणी घटली. एकदोन माणसांसाठी लहान यंत्र बनवण्याची त्याची जुनी कल्पना हलकी इंजिने आणि एकसंध रबरी पट्टा उपलब्ध झाल्यावरच साकारली, आणि १९५९ साली ‘स्की-डू’ बाजारात आली. तिचा एक आरंभीचा नमुना उत्तर ओंटारियोतील लान्सडाउन हाउस येथे काम करणाऱ्या मोरिस उइमे या मिशनरी धर्मगुरूकडे गेला, म्हणजे दूरच्या आदिवासी वस्त्यांतील वापर तिच्या निर्मात्याच्या नजरेसमोर सुरुवातीपासून होता. तरीही पुढील दशकात या यंत्राची रचना ठरवली ती दक्षिणेकडील हौशी ग्राहकाने, जो आखलेल्या वाटेवर शनिवार-रविवारी फिरायला निघतो आणि बिघाड झाला तर तासाभरात मदत मिळेल हे गृहीत धरतो. सुरक्षेसंबंधीचे पुढचे बरेचसे घोळ या एका वस्तुस्थितीतून निघाले आहेत.

उत्तरेत यंत्राचा प्रसार झाला तो काळही साधा नव्हता. १९५० च्या दशकापासून संघराज्य सरकारने शाळा, दवाखाना आणि घरे यांच्याभोवती स्थायी वस्त्या उभारल्या आणि किनाऱ्यावर विखुरलेल्या तळांवरील कुटुंबांना तिकडे येण्यास भाग पाडले किंवा प्रवृत्त केले. तळावर मोकळी हिंडणारी कुत्री वस्तीत धोकादायक ठरवली गेली, त्यांना बांधून ठेवण्याचा नियम लागू झाला, आणि बांधलेले नसलेले कुत्रे गोळी घालून मारण्याचा अधिकार पोलिसांना मिळाला. जो नियम अनेकांना समजावून सांगितला गेला नव्हता, त्याच्या अंमलबजावणीत एखाद्या कुटुंबाचा सगळा ताफा, म्हणजे त्याचे अन्न मिळवण्याचे साधन, एका दिवसात नष्ट होई. बॅफिन बेटाच्या परिसरातील साक्षी नोंदवणाऱ्या किकिक्तानी सत्य आयोगाचा अहवाल आणि नुनाविक, म्हणजे उत्तर क्वेबेकमधील घटनांविषयी निवृत्त न्यायाधीश जाँ-जाक क्रोतो यांचा अहवाल, असे दोन्ही २०१० साली प्रसिद्ध झाले; क्रोतो यांनी प्रांतिक पोलिसांनी हजाराहून अधिक कुत्री मारल्याचा निष्कर्ष काढला. कुत्र्यांमधील साथीच्या रोगांनी आणि मजुरीच्या कामाने उरलेले ताफे कमी केले. म्हणून इनुइट लोकांनी आपण होऊन जुने टाकले आणि नवे घेतले, ही सोयीची मांडणी अपुरी आहे. अनेक कुटुंबांनी स्नोमोबाइल घेतली तेव्हा त्यांच्या अंगणात जुंपायला कुत्री उरलेलीच नव्हती.

हे मान्य करूनही यंत्राने दिलेले बळ नाकारता येत नाही. वस्तीत नोकरी करणारा माणूस आता शनिवारी पहाटे निघून पूर्वी दोन-तीन दिवस लागणाऱ्या बर्फाच्या कडेपर्यंत पोहोचू शकत होता आणि रविवारी रात्री मांस घेऊन परतू शकत होता. स्थायी वस्तीत राहूनही शिकार टिकली, ती यंत्रामुळे. शिकाऱ्यांनी त्याचा स्वीकारही डोळसपणे केला: कामुतिकची बांधणी तशीच ठेवून ती यंत्रामागे जोडली, मागच्या पट्ट्याची झीज कमी होईल असे वाटेचे टप्पे निवडले, आणि ज्यांना कधी यंत्रशाळेचे तोंड पाहायला मिळाले नव्हते अशा माणसांनी उणे तीस अंशांत कार्ब्युरेटर, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग, उघडून साफ करण्यात प्रावीण्य मिळवले. १९७१ ते १९९६ या काळात बनलेली ‘एलान’ ही लहान स्की-डू उत्तरेत प्रिय झाली, कारण ती हलकी होती, तिचे टू-स्ट्रोक इंजिन मोजक्या भागांचे होते आणि खोल हिमात रुतली तर दोन माणसे ती उचलून काढू शकत.

धोके मात्र वेगळ्या जातीचे होते आणि ते हळूहळू लक्षात आले. ताशी आठ-दहा किलोमीटरने चालणाऱ्या ताफ्याला भेग आधी कळे; ताशी चाळीस किलोमीटरने जाणाऱ्या चालकाला ती बहुधा कडेवर पोहोचल्यावर दिसे. कुत्री थकतात, पण सगळी एकाच क्षणी बंद पडत नाहीत, उलट यंत्राचा एक पट्टा तुटला किंवा इंधन संपले की माणूस वस्तीपासून शंभर किलोमीटरवर, अन्न आणि ऊब यांच्याविना, पायी उरतो. यंत्र वेगाने दूर नेते, आणि परतीचे अंतर पायी चालण्याच्या आवाक्याबाहेर गेले आहे हे ते बंद पडेपर्यंत जाणवत नाही. आवाजाने शिकाऱ्यांच्या कानांवर परिणाम होत असल्याचे डॉक्टरांनी १९७० च्या दशकातच बॅफिन परिसरात नोंदवले. त्यात बंदुकीच्या आवाजाचाही वाटा होता. अलास्कातील १९९३ आणि १९९४ या वर्षांच्या नोंदींच्या अभ्यासात त्या राज्याच्या उत्तर भागात स्नोमोबाइलमुळे होणारे मृत्यू आणि गंभीर दुखापती यांचे प्रमाण रस्त्यावरील मोटारगाड्यांमुळे होणाऱ्यांपेक्षा अधिक आढळले, आणि मृतांमध्ये मद्यप्राशन केलेल्यांची संख्या मोठी होती.

कॅनडाच्या उत्तरेत यंत्र पसरत होते त्याच सुमारास आर्क्टिकच्या दुसऱ्या टोकाला घडत असलेल्या प्रयोगाची नोंद मानवशास्त्रज्ञ पेर्त्ती पेल्टो यांनी घेतली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर पेत्सामोचा प्रदेश सोव्हिएत संघाकडे गेल्यावर ईशान्य फिनलंडमधील सेवेत्तियार्वी येथे वसवल्या गेलेल्या स्कोल्ट सामी लोकांत १९६० च्या दशकाच्या आरंभी पहिली स्नोमोबाइल आली आणि दहा वर्षांत तिच्याविना राहणारे घर अपवादाने उरले. रेनडिअरचे कळप हाकताना यंत्राच्या आवाजाने जनावरे बुजली, गोळा करण्याची जुनी पद्धत मोडली, यंत्र आणि इंधन परवडणारी मोजकी कुटुंबे टिकली आणि बाकीची पशुपालनातून बाहेर पडली. १९७३ च्या पुस्तकात पेल्टो यांनी या प्रक्रियेला दिलेले नाव ‘स्थानिकतेचा लोप’ अशा आशयाचे आहे: ज्या समाजाची ऊर्जा पूर्वी त्याच्याच भूमीतून, गवत आणि शेवाळ खाणाऱ्या जनावरांतून येत होती, तो आता दूरच्या शुद्धीकरण कारखान्यावर आणि सुट्या भागांच्या बाजारावर अवलंबून झाला. इनुइट प्रदेशात हे अवलंबित्व १९८३ मध्ये उघडे पडले. त्या वर्षी युरोपीय आर्थिक समुदायाने पांढऱ्या लोकरीच्या सीलपिल्लांच्या कातड्यांच्या आयातीवर बंदी घातली. इनुइट लोक प्रामुख्याने प्रौढ रिंग्ड सीलची शिकार करत आणि ही पिल्ले वेगळ्या जातीची होती, तरीही संपूर्ण बाजार कोसळला. आणि बॅफिन बेटावरील क्लाइड रिव्हरसारख्या गावांत पेट्रोल, तेल व पट्टे यांचा खर्च ज्या कातड्यांतून निघत होता, तो स्रोत आटला. जॉर्ज वेंझेल यांनी त्या गावातील दीर्घ अभ्यासातून याची मांडणी केली आहे. सुरक्षेशी याचा संबंध थेट आहे, कारण ज्याच्याकडे नवा पट्टा घ्यायला पैसे नाहीत तो जुन्याच पट्ट्यावर समुद्रात जातो.

हिवाळ्याच्या यंत्रामागोमाग उन्हाळ्याचे यंत्र आले. होंडा कंपनीने १९७० साली अमेरिकेत आणलेली, फुगीर आणि कमी हवेच्या टायरांची तीनचाकी गाडी बर्फ वितळल्यानंतरच्या चिखलट, दगडगोट्यांच्या भूमीवर चालण्यास सोयीची होती, आणि उत्तरेच्या वस्त्यांत ‘होंडा’ हे नाव अशा कोणत्याही गाडीसाठी रूढ झाले. वळताना तीनचाकी सहज उलटत असे. लहान मुलांसह अनेकांचे मृत्यू झाल्यावर १९८८ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने उत्पादकांशी न्यायालयीन तडजोड करून नव्या तीनचाकींची विक्री थांबवली, आणि चारचाकी प्रकार सर्वत्र रूढ झाला. परंतु त्या गाडीवरची सूचना, की एकाच माणसाने बसावे आणि सोळा वर्षांखालील मुलाने मोठी गाडी चालवू नये, ज्या गावात मोटारगाड्या मोजक्याच आहेत तिथे पाळली जाणे कठीण होते. तिथे तीच गाडी शाळा, दुकान आणि दवाखाना यांच्यामधले कौटुंबिक वाहन असते. हेल्मेटचेही तसेच झाले. फरच्या टोपडीसह घालायच्या जाड कोटावर ते बसत नाही, श्वासाने काच गोठते, आणि पाठीवरच्या रुंद टोपडीत बाळ घेऊन बसणाऱ्या आईचा विचार त्याची घडण करताना कोणी केलेला नसतो. अपघातांची आकडेवारी पाहून हेल्मेटची सक्ती मागणारे आरोग्य अधिकारी चुकत नव्हते, हे खरे. पण ज्या परिस्थितीत ती सक्ती पाळायची, तिच्याशी जुळणारे साहित्य तयार करण्याकडे तेवढे लक्ष दिले गेले नाही.

दिशा चुकण्याच्या धोक्यावर १९९० च्या दशकाच्या मध्यापासून एक नवे उत्तर मिळाले, ते म्हणजे उपग्रहांवरून स्थान सांगणारे जीपीएस यंत्र; २००० च्या मे महिन्यात अमेरिकी सरकारने नागरी वापरातील मुद्दाम ठेवलेली अस्पष्टता काढल्यावर ते अधिक अचूक झाले. इग्लुलिक या गावात क्लाउडियो अपोर्ता यांनी एरिक हिग्ज यांच्यासह केलेले आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेले संशोधन या यंत्राच्या मर्यादा बारकाईने दाखवते. तिथल्या जाणत्या शिकाऱ्याला धुक्यात आकाश न दिसता दिशा सापडते, कारण ‘उआंगनाक’ या वायव्येकडून वाहणाऱ्या वाऱ्याने घडवलेले, जिभेच्या आकाराचे कठीण हिमाचे उंचवटे, ज्यांना ‘उकालुराइत’ म्हणतात, सर्वत्र त्याच दिशेला तोंड करून असतात, आणि त्यांना एका ठरावीक कोनात छेदत गेले की वाट चुकत नाही. धुक्यात हलत्या बर्फावर वालरसची शिकार करणाऱ्यांना जीपीएस खरोखर उपयोगी पडले, आणि ते नाकारणारे शिकारी थोडेच होते. पण पडद्यावरची सरळ रेषा मधल्या पातळ बर्फाविषयी काहीच सांगत नाही, थंडीत बॅटरी लवकर संपते, आणि वेगाने, आवाजात, पुढच्याच्या मागे बसून जाणाऱ्या तरुणाला वाटेवरची चिन्हे ओळखायला शिकवण्याची संधी वडिलांना मिळत नाही. ज्येष्ठांची तक्रार यंत्राविषयी फारशी नव्हती. वाटेत शिकणे थांबले, याचे त्यांना दुःख होते.

२००७ नंतर खिशात मावणारे उपग्रह-संदेशयंत्र मिळू लागले, ज्यावरील एक कळ दाबली की स्थानासह मदतीची हाक जाते, आणि नुनावुतमध्ये शिकाऱ्यांना ही यंत्रे उसनी देण्याची सोय झाली. ज्या शोधमोहिमांना पूर्वी अनेक दिवस लागत त्या काही तासांत आटोपू लागल्या, पण मदतीचे अंतर कमी झाले नाही. कॅनडाच्या हवाईदलाची शोध-बचाव विमाने ज्या ट्रेंटनच्या तळावरून निघतात, तो नुनावुतची राजधानी इकालुइटपासून दोन हजार किलोमीटरहून अधिक दक्षिणेला आहे. त्यामुळे प्रत्यक्षात माणूस सापडतो तो बहुधा शेजाऱ्यांना, वस्तीतल्या स्वयंसेवी पथकाला आणि १९४७ पासून कार्यरत असलेल्या, स्थानिक लोकांतून निवडलेल्या ‘कॅनेडियन रेंजर्स’ना. त्यांची वाहनेही तीच स्नोमोबाइल असतात आणि त्यांचे इंधनही तितकेच महाग असते.

कुत्र्याच्या नाकाची जागा घेऊ पाहणारे सर्वांत विचारपूर्वक उत्तर लॅब्राडॉरच्या किनाऱ्यावरील नेन या वस्तीतून आले. २००९-१० चा हिवाळा तिथे विलक्षण उबदार गेला, बर्फ उशिरा आणि कमी जमला, आणि नंतर घेतलेल्या पाहणीत सुमारे बारापैकी एकाने आपण त्या मोसमात बर्फातून खाली पडल्याचे सांगितले. मेमोरियल विद्यापीठातील भूगोलतज्ज्ञ ट्रेव्हर बेल यांनी नुनात्सियावुत या इनुइट प्रदेशाच्या सरकारबरोबर उभारलेल्या ‘स्मार्टआइस’ या उपक्रमाने दोन साधने घडवली. एक बर्फात रोवायचा तरंगता खांब, जो निरनिराळ्या खोलीवरील तापमानावरून हवा, हिम, बर्फ आणि पाणी यांच्या सीमा ओळखतो. दुसरे कामुतिकवर बसवून स्नोमोबाइलमागे ओढायचे विद्युतचुंबकीय उपकरण. बर्फातून वीज जवळजवळ वाहत नाही आणि खाली असलेल्या खाऱ्या पाण्यातून चांगली वाहते, या फरकावरून ते चालता चालता जाडी मोजते. बॅफिन बेटाच्या उत्तर टोकाचे पाँड इनलेट हे पहिल्या चाचण्यांचे दुसरे ठिकाण होते, आणि २०१७ मध्ये या उपक्रमाला संयुक्त राष्ट्रांचा हवामानविषयक पुरस्कार मिळाला. त्याचे मोल उपकरणांपेक्षा त्याच्या व्यवस्थेत अधिक आहे, कारण कोणत्या वाटा मोजायच्या हे गावची समिती ठरवते, तरंगते खांब नेनमधीलच तरुण बनवतात, आणि नकाशावर ज्येष्ठांनी सांगितलेल्या धोक्याच्या जागा मोजलेल्या आकड्यांशेजारी उमटतात. हडसनच्या उपसागरातील सानिकिलुआक या बेटवस्तीतील संस्थेने २०१९ मध्ये आणलेल्या ‘सिकू’ या मोबाइल ॲपनेही शिकाऱ्यांना आपल्या भाषेतल्या संज्ञांनी बर्फाच्या नोंदी करण्याची आणि त्या नोंदींचा हक्क आपल्याकडे ठेवण्याची सोय दिली.

दरम्यान खुद्द यंत्र बदलले आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००२ मध्ये ठरवलेल्या आणि २००६ च्या मॉडेलपासून टप्प्याटप्प्याने लागू केलेल्या धूरनियमांमुळे उत्पादकांनी जुनी टू-स्ट्रोक इंजिने सोडून संगणक-नियंत्रित इंधनपुरवठा आणि फोर-स्ट्रोक इंजिने आणली. ही इंजिने कमी पेट्रोल पितात, त्यामुळे तेवढ्याच डब्यांत शिकारी दूरवर जाऊन परत येतो, आणि त्यांचा धूर व आवाजही कमी असतो. पण ती वजनदार असतात. आणि त्यांचा बिघाड शोधायला वस्तीत क्वचित असलेला संगणक आणि प्रशिक्षित माणूस लागतो, जे बर्फावर उघडून दुरुस्त करण्याच्या जुन्या कौशल्याला निरुपयोगी ठरवते. १९८२ ते २०११ पर्यंत बनलेली यामाहाची ‘ब्राव्हो’ ही साधी, हवेने थंड होणारी, एका सिलिंडरची गाडी उत्पादन थांबल्यानंतरही जुन्यांचे भाग काढून चालवली जाते, यात जुन्याची ओढ शोधण्याची गरज नाही: हाताने दुरुस्त होणे हाच त्या प्रदेशात सुरक्षेचा पहिला निकष आहे. २०२३ मध्ये यामाहाने २०२५ च्या मॉडेलनंतर स्नोमोबाइल व्यवसायातून बाहेर पडण्याचा निर्णय जाहीर केला. वर्षातून एकदा उन्हाळ्यातील जहाजाने येणाऱ्या सुट्या भागांवर चालणाऱ्या वस्त्यांसाठी ही जगातील बातम्यांत हरवून गेलेली घोषणा मोठी होती. पुढच्या हिवाळ्यांत कोणता पट्टा, कोणती पिस्टन रिंग, कोणता बेल्ट मिळेल याचा हिशोब गावागावांतील दुकानदार आणि शिकारी यांना त्यानंतर नव्याने मांडावा लागला.